दुःख कुणाच्या हाती द्यायचं?

आपल्या मराठीत दुःखाला किती शब्द आहेत, हे कधी मोजून पाहिलंय का? दुपारची झाकपाक आवरली, की एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसाच. हुरहूर, हळहळ, चुटपुट, रुखरुख, खंत, सल, तगमग, घालमेल, व्यथा, शोक... यादी लांबतच जाते. आणि गंमत पाहा, यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. मुलगी सासरी निघाली की हुरहूर. दारी आलेला पाहुणा न जेवता गेला तर चुटपुट. तपासणीचा रिपोर्ट हाती येईपर्यंत घालमेल. जिवाभावाचं माणूस गेलं तर शोक. आणि वीस वर्षांपूर्वी चारचौघांत कुणी माहेरचा उद्धार केला असेल, तर तो सल!

मी एका शाळेत अर्धा दिवस मराठी शिकवते. आठवीच्या मुलींना ही यादी करायला सांगते. पंधरा-वीस शब्दांपर्यंत त्या सहज पोचतात. पण त्यांच्यातलीच एखादी मुलगी मान खाली घालून बसलेली दिसली आणि जवळ जाऊन विचारलं, ‘‘काय गं, काय झालं?’’ तर उत्तर ठरलेलं, ‘‘काही नाही, बाई.’’

खरं सांगू? मोठेपणी आपलंही उत्तर तेच असतं. आमचं विचुंबे म्हणजे पनवेलच्या कुशीतलं गाव. जवळून गाढी नदी जाते. गावातल्या जुन्या घरांच्या शेजारी आता इमारतीच इमारती उभ्या राहिल्या आहेत. कुणी कोकणातून आलेलं, कुणी घाटावरून, कुणी खानदेशातून. सकाळी घरातली माणसं गाडी पकडायला पनवेल स्टेशनकडे धावतात, आणि मग जिन्यात, गॅलरीत, भाजीवालीपाशी आम्ही बायका एकमेकींना भेटतो. ‘‘कशा आहात?’’ ‘‘मजेत.’’ आणि जी ती आपापलं दार लावून घेते. दाराआड काय असतं, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आज याच दाराआडच्या गोष्टीबद्दल तुमच्याशी चार शब्द बोलायचे आहेत.

आचेवरचं दूध

‘दुःखानं माणूस घडतं’ असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. सोनं आगीतून निघाल्याशिवाय उजळत नाही, हा दाखला तर तोंडपाठ असतो. पण आजूबाजूला नजर टाका. सारख्याच दुःखातून गेलेल्या दोघी बहिणी पाहा. एक मऊ झालेली असते, दुसऱ्याचं पटकन समजून घेणारी. दुसरी आंबट झालेली, कुणाचं चांगलं न बघवणारी. आग तीच, मग असं का व्हावं?

मला वाटतं, सोन्यापेक्षा दुधाचा दाखला खरा. त्याच आचेवर दूध आटून त्याची बासुंदी होते आणि त्याच आचेवर ते तळाला लागून करपतं. फरक असतो तो ढवळणाऱ्या हाताचा. आपल्या दुःखाला ढवळणारा हात म्हणजे आपल्या भावना. दुःख आलं की त्याच्या मागोमाग राग येतो, भीती येते, लाज येते, कणव येते. यांपैकी कुणाच्या हाती दुःख सापडतं, त्यावर त्याचं पुढे काय होणार ते ठरतं. आणि दुःख तरी काय कमी आहे? तेही या भावनांना आपल्या परीनं वळण लावतंच. हे दोघं एकमेकांना घडवत राहतात.

दुःख कोणतं यावं हे आपल्याला निवडता येत नाही. पण ते कुणाच्या हाती द्यायचं, हे थोडंफार तरी आपल्याकडे असतं. आणि बरंचसं आपल्या भोवतालच्या माणसांकडे असतं. हे दुसरं वाक्य आपण नेहमी विसरतो, म्हणून आधीच सांगून ठेवते.

राग: शिरढोणची गोष्ट

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं, की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागतं. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म इथलाच. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना ‘आद्य क्रांतिकारक’ म्हणून वाचलं. पण त्यांच्या चरित्रातली एक घरगुती गोष्ट बायकांच्या काळजाला जास्त भिडेल. फडके पुण्याला सरकारच्या लष्करी हिशेबखात्यात नोकरीला होते. आई आजारी असल्याचा निरोप आला. त्यांनी रजा मागितली, ती वेळेवर मिळाली नाही. गावी पोचले तोवर आई गेलेली होती. पुढच्या वर्षी वर्षश्राद्धासाठी रजा मागितली, तर तीही नाकारली गेली.

आईचं शेवटचं दर्शन चुकावं, यासारखं दुःख नाही. त्या दुःखातून फडक्यांच्या मनात राग उभा राहिला. इथपर्यंत तुमच्या-माझ्यासारखंच आहे. पण पुढे पाहा. १८७६ पासून दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. अन्नाअन्न करत माणसं मेली. ते फडक्यांनी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा ‘माझ्या आईची भेट चुकवली’ हा एकट्याचा राग ‘या राज्यात इतक्या आयांची लेकरं उपाशी मरतात’ इथपर्यंत रुंद झाला. १८७९ मध्ये रामोशी साथीदारांना घेऊन त्यांनी बंड उभारलं. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ते पकडले गेले. काळ्या पाण्याची शिक्षा होऊन एडनला त्यांची रवानगी झाली, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथंच त्यांचा अंत झाला.

बंडाचा मार्ग बरोबर होता की चूक, ते इतिहासकार पाहतील. आपल्याला घ्यायचं आहे ते एवढंच, की दुःखातून आलेला राग वाईट नसतो. राग म्हणजे आतून आलेला निरोप असतो, ‘इथं काहीतरी अन्याय झालाय.’ प्रश्न असतो तो राग कुठं जातो याचा. आपल्या घरांत तो कुठं जातो? वड्याचं तेल वांग्यावर! सासूबाई काही बोलल्या, धपाटा मुलाच्या पाठीत. साहेबानं पाणउतारा केला, ताट आपटलं घरात. नवऱ्याची नोकरी डळमळीत झाली की तो भीती बोलून दाखवत नाही, भाजीतलं मीठ काढतो. राग खऱ्या ठिकाणी पोचतच नाही, म्हणून तो संपतही नाही. उलट, ज्या लेकराच्या पाठीत धपाटा बसला, त्याचं एक नवं दुःख तयार होतं. दुःख असं घरातल्या घरात हातोहात फिरत राहतं.

आणि हो, या गोष्टीत गोपिकाबाई होत्या, फडक्यांच्या पत्नी. नवरा बंडात, मग तुरुंगात, मग सातासमुद्रापार, आणि मग ती बातमी. त्यांच्या दुःखाला कुठलं बंड करता येणार होतं? बायकांच्या वाट्याला बहुतेक वेळा असं दुःख येतं, ज्याला रणांगण नसतं.

प्रश्न: कल्याणची यमुना

मग बाईनं दुःखाचं काय करायचं? याचं एक उत्तर आमच्यापासून फार लांब नाही, कल्याणला सापडतं. १८६५ मध्ये तिथं जन्मलेली यमुना नऊ वर्षांची असताना गोपाळराव जोशांशी तिचं लग्न झालं आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी मुलगा झाला. तो दहा दिवस जगला.

त्या काळी ज्या घरात मूल गेलं नाही, असं घर क्वचित. ‘देवानं दिलं, देवानं नेलं’ म्हणून डोळे पुसायचे आणि चुलीकडे वळायचं, ही रीत. आनंदीबाईंच्या दुःखातून मात्र एक प्रश्न उभा राहिला. बायकांना बाईमाणूस डॉक्टर का मिळू नये? पुरुष डॉक्टरला दाखवायची लाज, म्हणून बाळंतिणी आणि लेकरं दगावतात, हे असंच का चालायचं? १८८३ मध्ये ही मुलगी नवऱ्याशिवाय बोटीनं अमेरिकेला गेली. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून तिनं एम. डी. पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांच्या त्या बाळाची आठवण त्या विषयामागे नसेल, असं मला तरी वाटत नाही.

पण ही गोष्ट ‘दुःखाचं सोनं झालं’ अशी गोड करून सांगू नये. आनंदीबाई क्षयानं खंगून परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक झाली होती, ती जागा घेणं त्यांच्या नशिबी आलं नाही. दुःख म्हणजे बँकेतली ठेव नव्हे, की मुदत संपली की व्याजासकट परत मिळावी.

आणखी एक. गोपाळरावांनीच त्यांना शिकवलं, आणि शिकवताना मारहाणही केली. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी त्या मारझोडीची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली आहे. त्याच माणसाबद्दलची कृतज्ञताही त्यांच्या पत्रांत आहे. प्रेम, राग, उपकाराची जाणीव, सगळं एकाच मनात! आपल्याला वाटतं, एका माणसाबद्दल एकच काय ते वाटायला हवं. तसं नसतं. आईवर जीव टाकणाऱ्या मुलीच्या मनातही आईबद्दलचा एखादा सल असतो. सासूबाई गेल्यावर सुनेला रडूही येतं आणि सुटल्यासारखंही वाटतं. त्यात पाप काही नाही. मन असंच असतं, मिसळणाच्या डब्यासारखं, एका झाकणाखाली सात वाट्या.

आवाज: जात्यापाशी

आता तुम्ही म्हणाल, आनंदीबाई एखादीच. बाकीच्या लाखो बायकांनी काय केलं? त्यांनी जात्याला सांगितलं.

पहाटे घर झोपलेलं असायचं. जात्याच्या दोन बाजूंना दोघी बसायच्या, हात खुंट्यावर, आणि तोंडानं ओवी. भावाची आठवण, आईची माया, सासरचा जाच, गेलेलं लेकरू, सारं त्या घरघरीत मिसळून जायचं. समोरासमोर बसून जे बोलता आलं नसतं, ते गाण्यात बोलता यायचं. ऐकणारी समोरच असायची, पण डोळे धान्याच्या मुठीकडे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. एक लाख ओव्या! ‘काही नाही, बाई’ म्हणणाऱ्या बायकांनी जात्यापाशी केवढं बोलून ठेवलं होतं, पाहा.

खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींचंही तेच. १८८० चा जन्म, तिशीत वैधव्य, पदरात मुलं, अक्षरओळख नाही. शेतात आणि घरात राबता राबता त्या गात राहिल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली. वैधव्याचं दुःख त्यांच्या वाट्याला आलं, पण त्यातून कडवटपणा नाही आला. संसाराकडे डोळे उघडे ठेवून, कधी हसत, बघण्याची नजर आली. दुःखाला आवाज मिळाला, की भावना नासत नाही, मुरते. लोणच्याचं आणि कुजण्याचं अंतर हेच तर असतं.

जातं गेलं ते बरंच झालं म्हणा. पहाटे तीनला उठून दळण्याची हौस कुणाला आहे? पण जात्याबरोबर ती बोलायची जागाही गेली. गिरणीवर डबा ठेवला, आपण मोबाइल बघत उभ्या.

अलीकडच्या शास्त्रज्ञांनी या गोष्टीचा मुद्दाम अभ्यास केला आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयातल्या मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी साध्यासुध्या विषयांवर लिहिलं. काहींनी मनाला लागलेल्या घटनेबद्दल, आणि तेव्हा काय वाटलं त्याबद्दलही लिहिलं. लिहून उठल्यावर या दुसऱ्या मुलांना आधी जास्तच उदास वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या प्रयोगांत हा फायदा माफकच दिसला, तेव्हा तो रामबाण उपाय नव्हे. पण वही आणि पेनाला खर्च तरी कितीसा येतो?

२००७ मध्ये मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूची छायाचित्रं घेऊन दाखवलं, की चेहऱ्यावर दिसणाऱ्या भावनेला नेमका शब्द दिला, की मेंदूतला भीतीची घंटा वाजवणारा भाग थोडा शांत होतो. म्हणजे ती सुरुवातीची शब्दांची यादी नुसता खेळ नाही, बरं का! ‘मला कसंतरीच होतंय’ आणि ‘मला भीती वाटतेय’ यांत फरक आहे. भीती आहे असं कळलं, तर कशाची ते शोधता येतं.

शरीरालाही दुःख कळतं

‘मनाला लावून घेतलंन् आणि अंथरूण धरलंन्’ असं जुन्या बायका म्हणायच्या, ते अगदीच खोटं नव्हतं. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी हृदयाच्या एका विकाराचं वर्णन केलं. मोठा मानसिक धक्का बसला की हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगतो आणि दुबळा होतो. त्याचा आकार आठपायी माशाला पकडायच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्या मडक्याचंच नाव रोगाला मिळालं, ‘ताकोत्सुबो’. हा विकार पाळी गेलेल्या बायकांत सर्वांत जास्त आढळतो. छातीत दुखतं, दम लागतो, थेट हृदयविकाराच्या झटक्यासारखं. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात, पण उपचार लागतात. तेव्हा घरात कुणी गेल्यावर सासूबाई किंवा आई छातीत दुखतंय म्हणाल्या, तर ‘रडून रडून झालं असेल’ म्हणून सोडू नका. ताबडतोब डॉक्टरांकडे न्या.

लाज: शांतिवनाचा धडा

आता नाण्याची दुसरी बाजू. आतापर्यंत पाहिलं, की दुःखातून भावना कशा घडतात. पण भावनांमधूनही दुःख तयार होतं. कधी कधी मूळ दुःखाहून मोठं.

आमच्या भागात नेरे गावाजवळ कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे. तिथं कुष्ठरोग्यांसाठी अनेक वर्षं काम चालत आलं आहे. हा रोग एका जंतूमुळे होतो, हे १८७३ मध्येच हॅन्सन या शास्त्रज्ञानं शोधलं होतं. १९८० नंतर बहुविध औषधोपचार आला. सहा महिने ते वर्षभर गोळ्या घेतल्या, की माणूस बरा होतो. गोळ्या सुरू झाल्या, की त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीतीही उरत नाही. मग या माणसांना राहायला वेगळी जागा का लागावी? कारण रोगाची वेदना एकवेळ औषधानं गेली, पण लोकांची किळस आणि भीती गेली नाही. तिला औषध नव्हतं. घरच्यांनी दार लावलं, आणि मग त्या माणसाला स्वतःचीच लाज वाटू लागली.

ही भीती किती खोल होती, ऐकायचंय? नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग आहे, एवढ्या कारणावर घटस्फोट मागायची सोय आपल्या विवाह कायद्यात होती. ती काढून टाकायला २०१९ साल उजाडलं. रोग बरा करणारं औषध हातात येऊन तीसहून जास्त वर्षं उलटली, तेव्हा कुठं कायद्यातली किळस पुसली गेली!

आता आपल्या दाराआड पाहू. मूल होत नाही, मुलगा परीक्षेत नापास झाला, नवरा पितो, दिरानं कर्ज करून ठेवलं, मुलीचं सासरी पटत नाही. या दुःखांत मूळ दुःख किती आणि ‘लोक काय म्हणतील’ याचं किती? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून आपण मूठ आवळून धरतो. पण सारखी आवळलेली मूठ दुखायला लागते. आणि मूठ उघडल्याशिवाय कुणी हातात हात तरी कसा देणार? शेजारच्या ब्लॉकमध्ये तीच मूठ आवळून दुसरी बसलेली असते, हे मधल्या एका भिंतीमुळे दोघींनाही कळत नाही.

रीतिभातींचं काम

जुन्या लोकांनी दुःखासाठी काही साचे करून ठेवले होते. दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध. शेजारच्यांनी पिठलं-भात आणून द्यायचा, घरात चूल पेटवायची नाही. त्यांतल्या पुष्कळ चाली जाचक होत्या, विधवेचे हाल करणाऱ्या होत्या, त्या गेल्या ते उत्तम झालं. पण ‘तेरा दिवस तू काही करू नकोस, आम्ही आहोत’ हा त्यामागचा निरोप मोलाचा होता.

तो साचाच हाती लागला नाही, तर काय होतं? १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याच्या वाडीवर डोंगर कोसळला. चार दिवस शोध चालला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत, आणि शोध थांबवावा लागला. ज्यांची माणसं मातीखालीच राहिली, त्यांनी अखेरचं तोंड कुणाचं पाहायचं? अशा वेळी दुःखाच्या जोडीला आशा येते, आणि तीच आशा दुःख संपू देत नाही. अशांना ‘आता विसरा’ म्हणणं म्हणजे क्रूरपणाच. आपण शोक संपवायची घाई करू नये. ज्याचा त्याचा शोक आपापल्या चालीनं चालतो.

सोसणं आणि सोसायला लावणं

इथं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर सारंच फुकट. ‘बाई किती सोशिक हो!’ ही आपल्याकडे शाबासकी असते. पण मृत्यू, आजारपण, पूर, दरड ही एक जात. मारहाण, उपासमार, रोजचा अपमान ही दुसरी. पहिलं दुःख सोसावं लागतं. दुसरं कुणीतरी आपल्याला सोसायला लावत असतं, ते थांबवायचं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाण्यात मोठेपणा नाही. यासाठीच २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा आहे. नुसती मारहाणच नव्हे, तर शिवीगाळ, मानसिक छळ, घरखर्चाचे पैसे अडवणं हेही त्यात येतं. अशा घरातल्या मैत्रिणीला ‘मन मोठं कर, वहीत लिही’ असला सल्ला देऊ नका. तिच्याबरोबर जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जा.

मग आपण काय करावं?

मोठमोठी तत्त्वं बाजूला ठेवू. रोजच्या संसारात जमतील अशा पाच गोष्टी सांगते.

१. नेमका शब्द शोधा. जीव कासावीस झाला की दोन मिनिटं थांबून स्वतःलाच विचारा, हा राग आहे, भीती आहे, की खंत? निम्म्या वेळा रागाचा पदर उचलला, की खाली भीती सापडते. नवऱ्याच्या चिडचिडीलाही हाच प्रश्न लावून पाहा.

२. चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहा. शुद्धलेखन बघू नका, सुंदर लिहू नका, कुणाला दाखवू नका. हवं तर पाचव्या दिवशी कागद फाडून टाका. मात्र आघात अगदी ताजा असेल, किंवा लिहिताना जीव फारच गुदमरू लागला, तर जबरदस्तीनं लिहू नका.

३. मुलांना ‘काही नाही’ सांगू नका. घरात काही बिनसलंय हे त्यांना कळतंच. सांगितलं नाही, तर आपलंच काही चुकलं असेल असं ती धरून बसतात. ‘आज आईला वाईट वाटतंय, पण ते तुझ्यामुळे नाही,’ एवढं एक वाक्य पुरे.

४. भेटायला जाल तेव्हा कमी बोला. ‘देवाच्या मनात होतं’, ‘निदान दुसरा मुलगा तरी आहे’, ‘आता तुलाच खंबीर व्हायला हवं’, ही वाक्यं घरीच ठेवा. त्यापेक्षा डबा न्या. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, आठवण काढा. लोक नाव टाळतात, आणि घरच्यांना वाटतं की सगळे विसरले. आणि तेराव्यानंतर जा! पहिले तेरा दिवस घर भरलेलं असतं. खरा एकटेपणा चौदाव्या दिवशी सुरू होतो.

५. मदत मागायची लाज नको. झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं, तर डॉक्टरांना दाखवा. ताप आला तर दाखवतो, तसंच हे. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. मराठीत बोलता येतं, रात्री-अपरात्रीही. जगणं नको असं एखादी बोलून दाखवू लागली, तर ‘असं काहीतरीच काय बोलतेस!’ म्हणून उडवून लावू नका. तिच्याजवळ बसा, तिला एकटं सोडू नका, आणि हा फोन लावून द्या.

जाता जाता

आईची भेट चुकल्याचं दुःख, दहा दिवसांच्या बाळाचं दुःख, रोगाहून मोठी झालेली लाज. यांतलं कुठलंच दुःख कुणी मागून घेतलेलं नव्हतं. कुठं ते रागाच्या हाती गेलं, कुठं प्रश्नाच्या, कुठं लाजेच्या, कुठं ओवीच्या. आपल्या हातून शिरढोणसारखं बंड होणार नाही, कल्याणच्या त्या मुलीसारखी पदवीही मिळणार नाही. पण ज्यांना लाजेनं घरात कोंडलं होतं, त्यांना बाहेर काढायला कुणीतरी माणूसच लागलं, आणि ते काम मात्र आपल्यालाही जमण्यासारखं आहे.

तेव्हा उद्या जिन्यात कुणी ‘मजेत’ म्हणाली आणि तिचे डोळे तसं म्हणत नसले, तर पुढे निघून जाऊ नका. ‘चहा टाकते, येतेस का?’ एवढंच विचारा. ती नाही म्हणाली, तर चार दिवसांनी पुन्हा विचारा. आणि कुणी तुम्हाला विचारलं, तर ‘काही नाही’ म्हणायच्या आधी क्षणभर थांबा. मराठीनं आपल्याला एवढे शब्द दिलेत, त्यांतला एखादा खरा शब्द वापरून तर पाहा.